काट्यावर टांगलेला शार्क : मासेमारीच्या स्पर्धांना बडोद्यात बसून विरोध कसा करायचा

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर न्यू जर्सीहून भाच्याचा फोटो आला. धक्क्यावर लोखंडी चौकट, तिच्या आडव्या दांड्याला शेपटीने उलटा टांगलेला शार्क, आणि शेजारी हसत उभे पाच जण. त्यातला एक आमचा भाचा. मी फोटो मोठा करून पाहिला. शार्कच्या तोंडातून रक्ताची बारीक धार खाली उतरून सिमेंटवर साचली होती. पांढऱ्या पोटावर जाड पेनाने वजनाचा आकडा लिहिलेला होता. फोटोखाली घरच्या मंडळींचे अंगठे आणि शाबासक्या.

मी रावपुऱ्यात राहते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्या रात्री साडेअकराला मी ग्रुपवर जे लिहिलं त्याची मला आजही लाज वाटते. भाचा पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि त्या बोलण्याने एकही शार्क वाचला नाही. मग मी वाचायला बसले, माहिती जमवली, त्याच्याशी पुन्हा बोलणं सुरू केलं आणि दोघांनी मिळून जमेल तसं काम केलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

बडोद्याचा आणि या स्पर्धांचा काय संबंध, असं कुणी विचारेल. दांडिया बाजारात, बाबाजीपुऱ्यात कुठल्याही मराठी घरात विचारा, मुलगा, सून, पुतणी, कुणीतरी न्यू जर्सीत निघतंच. न्यू जर्सी, लाँग आयलंड, मॅसॅच्युसेट्स या किनाऱ्यांवर उन्हाळ्यात शार्क पकडण्याच्या स्पर्धा होतात. आपली माणसं तिथे मतदार आहेत, गिऱ्हाईक आहेत, कुणी स्वतः होडीवर जाणारी आहेत. शिवाय समुद्र आपल्यालाही परका नाही. ओखामंडळ आणि कोडीनार एके काळी बडोदा संस्थानातच होते, आणि शार्क वाचवण्याचं देशातलं एक मोठं काम त्याच सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर झालं. त्याकडे मी शेवटी येते.

स्पर्धेत नेमकं काय होतं

विरोध करण्याआधी हे नीट समजून घ्यायला हवं. मी ते न करता बोलले होते.

पहाटे होड्या निघतात आणि किनाऱ्यापासून पुष्कळ आत जाऊन थांबतात. तेलकट मासळीचा रक्ताळ लगदा पाण्यात सोडत राहतात. त्याला तिकडे चम म्हणतात. वासावर शार्क येतो आणि आमिष घेतो. मग अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त वेळ ओढाताण चालते. शार्क थकून होडीजवळ आला की त्याला आकडी मारतात, शेपटीला दोर बांधतात आणि मारून धक्क्यावर आणतात. ठरलेल्या वेळेच्या आत वजनाच्या काट्यावर चढवलं तरच तो मोजला जातो. सर्वांत जड शार्क आणणाऱ्या होडीला बक्षीस मिळतं.

जाहीर बक्षिसाखेरीज एक आतला खेळही असतो. होड्यांचे मालक आपसांत पैसे लावतात आणि ते जिंकणाऱ्यांत वाटले जातात. या पैजेला तिकडे ‘कॅलकटा’ म्हणतात. नाव आपल्या कलकत्त्यावरून पडलेलं, इंग्रजांच्या काळातल्या घोड्यांच्या शर्यतींवरच्या सट्ट्यातून. ही रक्कम पुष्कळदा जाहीर बक्षिसापेक्षा मोठी असते. म्हणून नुसतं ‘बक्षीस बंद करा’ म्हणून भागत नाही.

आता वजनाचा परिणाम बघा. बहुतेक मोठ्या शार्कांत मादी नरापेक्षा मोठी असते. सर्वांत जड शार्क शोधायचा म्हणजे सर्वांत मोठी, बहुधा वयात आलेली मादी शोधायची. २००६ साली फ्लोरिडातल्या बोका ग्रांदेजवळ एक प्रचंड हातोडी-शार्क, म्हणजे हॅमरहेड, पकडली गेली. वजन १,२८० पौंड, सुमारे ५८० किलो. जागतिक विक्रम ठरला. नंतर तिचं पोट उघडलं तेव्हा आत ५५ पिल्लं होती.

माको शार्कची मादी पिल्लं देण्याच्या वयात येते ती साधारण १८ ते २१ वर्षांची झाल्यावर. पोटात पिल्लं वाढायला १५ ते १८ महिने लागतात आणि दोन वेतांमध्ये तीनेक वर्षं जातात. म्हणजे काट्यावरची माको जेमतेम तीन-चार वेळा व्यायलेली असते, किंवा एकदाही नाही. मासा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाखो अंडी येतात. शार्कचं जगणं त्या मानाने गायी-म्हशींच्या जवळचं आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दरवर्षी जगात सुमारे ८ कोटी शार्क मारले जातात, आणि त्यातले बहुतेक व्यापारी मासेमारीत. स्पर्धांचा वाटा त्यापुढे थोडा आहे. हे लपवून बोललात तर पहिल्याच बैठकीत तुमचं तोंड बंद होईल. मग स्पर्धांच्या मागे का लागायचं? सौराष्ट्रातल्या वेरावळचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, पोट भरण्यासाठी समुद्रात जातो. त्याला आपण सांगतो, जाळं काप पण शार्क सोड. तो जाळं कापतोही. अशा वेळी ज्यांना पोटाची चिंता नाही त्यांनी करंडकासाठी गाभण मादी मारावी आणि ते मुलांना दाखवावं, हे मला पाहवत नाही. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकट यांची संख्या १९७० पासून सुमारे ७१ टक्क्यांनी घटली आहे. उरलेल्यांतल्या मोठ्या माद्या निवडून मारण्याला बक्षीस असू नये, एवढीच माझी मागणी आहे.

पहिलं काम : नियमावली मिळवा

प्रत्येक स्पर्धेची छापील किंवा वेबसाइटवरची नियमावली असते. भाच्याने ती मला पाठवली तेव्हा कळलं की मी ज्याला ‘स्पर्धा’ म्हणत होते त्यात चार वेगवेगळे विभाग होते आणि त्यांतला एक आधीपासूनच ‘पकडा आणि सोडा’ असा होता. हे माहीत नसताना मी सगळ्यांना खुनी म्हणून मोकळी झाले होते.

एक वही करा आणि नियमावलीतून एवढं उतरवून काढा : कुठल्या जाती चालतात, कमीत कमी लांबी किती, गुण वजनाला की सोडण्याला, कुठला गळ वापरायचा, आतली पैज आहे का, काटा कुणाच्या धक्क्यावर लागतो, प्रायोजक कोण, आणि नफ्याचा भाग कुठल्या धर्मादाय कामाला जातो. शेवटचे तीन मुद्दे सर्वांत उपयोगाचे. धक्क्याचा मालक, प्रायोजक आणि देणगी घेणारी संस्था यांना शार्कशी देणंघेणं नसतं, पण आपल्या नावाची काळजी असते. देणगी घेणाऱ्या संस्थेला मात्र शेवटी आणि हळुवार विचारा. ती बहुधा आजारी मुलांची किंवा माजी सैनिकांची असते, तिच्यावर दडपण आणलं तर लोक तुमच्यावर चिडतील, आणि ते बरोबरच असेल.

कायदा : आरोप करण्याआधी

बहुतेक स्पर्धा कायद्याच्या चौकटीत होतात. ‘बेकायदा’ हा शब्द खात्री नसताना वापरू नका.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पांढरा शार्क, व्हेल शार्क, डस्की अशा अनेक जाती ठेवायला मनाई आहे. एके काळी या स्पर्धांची शान असलेला माको ५ जुलै २०२२ पासून ठेवता येत नाही, पकडला गेला तर सोडावाच लागतो. बाकीच्या बहुतेक परवानगी असलेल्या मोठ्या शार्कांना शौकिया मासेमारीत ५४ इंच आणि हातोडी-शार्कांना ७८ इंच अशी किमान लांबी आहे. फ्लोरिडाने १ जानेवारी २०१२ पासून आपल्या राज्याच्या पाण्यात हातोडी-शार्कांच्या तीन जाती आणि वाघ-शार्क मारण्यावर बंदी घातली. हे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचा नियम त्या वर्षी नव्याने वाचा.

माकोवर बंदी आल्यावर काट्यावर थ्रेशर जातीचे लांब शेपटीचे शार्क जास्त दिसू लागले. एक जात बंद झाली की गळ दुसऱ्या जातीकडे वळतो. म्हणून जातवार बंदी मागत बसण्यापेक्षा वजनाचं बक्षीसच काढून टाकायला सांगावं, असं माझं मत बनलं.

आणखी एक कामाची गोष्ट. अशा स्पर्धांची नोंदणी सरकारी मत्स्यखात्याकडे किमान चार आठवडे आधी करावी लागते. तोपर्यंत प्रायोजक ठरलेले, पत्रकं छापलेली असतात. तुमचं पत्र त्या महिन्यात पोहोचलं तर उपयोग शून्य. जूनच्या स्पर्धेसाठी काम आदल्या हिवाळ्यात सुरू करा. आमच्याकडे संक्रांतीचे लाडू वळून झाले की मी वही काढते.

मागणी काय करायची, ते आधी ठरवा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. ‘स्पर्धा बंद करा’ ही मागणी बोलायला सोपी आहे, पण ती ऐकली की गळवाले, धक्केवाले, हॉटेलवाले सगळे एका बाजूला होतात. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर ओक ब्लफ्स नावाचं गाव आहे. तिथे १९८७ पासून शार्कची एक गाजलेली स्पर्धा होत असे. गावकऱ्यांचा विरोध वाढत गेला, शार्क मारून आणण्याविरुद्ध मतं पडली आणि शेवटी स्पर्धा ते गाव सोडून ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला गेली. गावापुरता विजय झाला. शार्कच्या दृष्टीने फक्त धक्का बदलला.

याच्या उलट लाँग आयलंडच्या टोकाला माँटॉक येथे २०१३ मध्ये ‘शार्क्स आय’ नावाची स्पर्धा झाली. माँटॉक म्हणजे शार्कच्या शिकारीची जुनी पेठ. तिथेच ही स्पर्धा भरली, बक्षिसंही होती, पण एकही शार्क धक्क्यावर आणायचा नव्हता. काही शार्कांना उपग्रहाने माग काढणारी खूणपट्टी लावून सोडलं, आणि पुढे ते कुठे गेले हे लोकांना पाहता आलं. गळवाल्यांचा खेळ राहिला, काटा गेला.

म्हणून मागणी लिहिताना पुढचे मुद्दे घाला. हे मी होडीवर जाणाऱ्यांशी बोलून, चुका सुधारत तयार केले आहेत.

शार्क पाण्याबाहेर काढायचा नाही. त्याला बरगड्या नसतात. पाण्यात त्याचं वजन पाणी पेलतं, पण शेपटीने वर उचलला की आतल्या अवयवांचा भार भलतीकडे येतो आणि मणक्यालाही इजा होते. ‘एक फोटो काढून सोडतो’ यातही हे नुकसान होऊन गेलेलं असतं. लांबी मोजायची तर होडीच्या कडेने, पाण्यातच, पट्टी लावून. पुरावा म्हणून त्या दिवशी सकाळी दिलेली खुणेची चकती फोटोत दिसली पाहिजे.

गळ गोल हवा, टोक आत वळलेला. साधा सरळ गळ पोटात जाऊन रुततो, गोल गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. तो न गंजणाऱ्या पोलादाचा नसावा, म्हणजे चुकून राहिला तरी गंजून गळून पडतो. तिथल्या सरकारने शौकिया शार्क-मासेमारीला असा गळ सक्तीचा केलेलाच आहे. नियमावलीत तो शब्दशः यावा आणि निघण्याआधी तपासला जावा, एवढंच मागायचं.

दोरी आणि काठी दणकट हवी. नाजूक दोरीवर मोठा मासा आणण्यात मर्दुमकी मानतात, पण त्यात ओढाताण तासभर लांबते आणि शार्क सोडल्यावर खोल पाण्यात जाऊन मरतो. आपल्याला वाटतं वाचला. हातोडी-शार्क याबाबतीत सर्वांत नाजूक, गळाच्या ताणानेच त्यांतले पुष्कळ सोडल्यावरही जगत नाहीत. त्यांना गुणच ठेवू नयेत, म्हणजे कुणी मुद्दाम त्यांच्या मागे जाणार नाही. थ्रेशरची अडचण वेगळी. तो शेपटीने भक्ष्याला फटका मारतो, त्यामुळे काही प्रकारच्या आमिषांत गळ शेपटीलाच अडकतो. मग तो उलटा ओढला जातो. पुढे पोहत राहिला तरच त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहतं, उलटा ओढला की गुदमरतो. शेपटीत अडकलेल्या थ्रेशरला शून्य गुण, हा नियम मागा.

गुणांना मर्यादा हवी. ‘सर्वांत जास्त शार्क सोडणाऱ्याला बक्षीस’ असं लिहिलं तर होड्या दिवसभर शार्क गळाला लावत बसतील. ही चूक माझ्या पहिल्या मसुद्यात होती, भाच्याने दाखवून दिली. होडीमागे ठरावीक संख्या, त्यापुढे गुण नाहीत.

पत्र कुणी लिहायचं

बडोद्याहून आलेलं पत्र अमेरिकेतला दुकानदार वाचणार नाही. जो त्याच्याकडून गळ, आमिष, बर्फ विकत घेतो त्याचं पत्र तो वाचेल. तिथल्या माणसाने सही करायची आणि इथल्या माणसाने बाकी सगळं करायचं, अशी वाटणी आम्ही केली. माहिती शोधणं, मसुदा लिहिणं, आकडे तपासणं, कुणाचं उत्तर आलं त्याची नोंद, हे माझ्याकडे. उन्हाळ्यात आपली सकाळची साडेसहा म्हणजे त्यांचे रात्रीचे नऊ. मी चहा घेऊन बसते, तो जेवून मोकळा झालेला असतो.

भाच्याला वळवणं हेच खरं तर पहिलं यश होतं, आणि ते वादाने मिळालं नाही. मी त्याला विचारलं, त्या दिवशी समुद्रावर तुला सर्वांत काय आवडलं? तो म्हणाला, “मावशी, तो पाण्यातून वर आला ना, निळा, एकदम चकचकीत, तेव्हा कुणी काही बोललंच नाही.” आणि धक्क्यावर? थोडं थांबून म्हणाला, “धक्क्यावर तो राखाडी पडला होता.” मेल्यावर रंग उतरतो, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. त्यापुढे मला फार सांगावं लागलं नाही. तुमच्या घरात असा कुणी असेल तर त्याला आधी बोलू द्या.

प्रायोजकाला लिहायच्या पत्राचा आमचा सांगाडा असा, हवा तसा बदलून घ्या :

“मी आपला नेहमीचा गिऱ्हाईक आहे आणि स्वतः मासेमारी करतो. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत आपण दिलेलं बक्षीस सर्वांत जड शार्कसाठी होतं. जड शार्क बहुधा मोठी मादी असते आणि ती वयात यायला वीसेक वर्षं लागतात. स्पर्धा बंद व्हावी असं माझं म्हणणं नाही. आपण पुढच्या वर्षीचं बक्षीस पाण्यातच मोजून सुरक्षित सोडलेल्या शार्कसाठी जाहीर करावं, ही विनंती. नियमांचा मसुदा सोबत जोडला आहे. आपण हे केलंत तर मी आणि माझे मित्र त्या विभागात नाव नोंदवू.”

शेवटची ओळ वजनदार आहे आणि ती खरी असली पाहिजे. नाव नोंदवणार नसाल तर लिहू नका. पत्र एका पानाच्या आत ठेवा, मेलेल्या शार्कचे फोटो जोडू नका, आणि एकच मजकूर शंभर जणांकडून पाठवू नका. दहा वेगळी, स्वतःच्या शब्दांतली पत्रं पुरतात. दोन आठवड्यांनी फोन, शक्यतो दुकानात जाऊन. आम्ही पाच जणांना लिहिलं, तिघांनी उत्तर दिलं नाही, एकाने तुटक नकार दिला आणि एका दुकानाने सोडण्याच्या विभागाला आपलं बक्षीस दिलं.

गावाच्या बैठकीत बोलायची वेळ आली तर तिथे राहणाऱ्यानेच बोलावं. धक्का नगरपालिकेचा असेल तर परवान्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर कधी येतो ते आधी विचारून ठेवा. बोलायला बहुधा दोन-तीन मिनिटंच मिळतात. तेवढ्यात एक आकडा, एक मागणी आणि आभार.

समोरून काय विचारतील

“मांस वाया जात नाही, गरिबांना वाटतो.” मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठलेला असतो, कारण तो अन्नसाखळीच्या टोकाला असतो आणि पुष्कळ वर्षं जगतो. गरोदर बायका आणि लहान मुलांनी शार्क खाऊ नये, असा अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचाच सल्ला आहे. ते मांस दान म्हणून कुणाच्या ताटात जातं, हे शांतपणे विचारा.

“शास्त्रज्ञांना नमुने मिळतात.” हा मुद्दा खोटा नाही. सरकारी शास्त्रज्ञांनी अनेक दशकं धक्क्यावर आलेल्या शार्कांची मोजमापं घेतली आणि शार्कच्या वाढीबद्दलचं बरंच ज्ञान त्यातून आलं. ते मान्य करा. मग सांगा की १९६२ पासून तिथे गळवाल्यांच्याच मदतीने शार्कला खूणपट्टी लावून सोडण्याचा सरकारी कार्यक्रम चालू आहे आणि अशा शार्कांची संख्या लाखांच्या घरात गेली आहे. मेलेला शार्क एकदा माहिती देतो, खूणपट्टीचा शार्क वर्षानुवर्षं देऊ शकतो.

“विक्रम नोंदवायचा तर वजन करावंच लागतं.” जागतिक विक्रम नोंदवणाऱ्या गळ-मासेमारी संघटनेने लांबी मोजून सोडलेल्या माशांचे वेगळे विक्रमही ठेवले आहेत. हे पुष्कळ गळवाल्यांना ठाऊक नसतं.

“शार्क माणसं खातात.” सगळ्या जगात शार्कच्या विनाकारण हल्ल्यात वर्षाला सरासरी सहाच्या आसपास माणसं मरतात. पण इथे आकड्यापेक्षा मला आपलं बडोदं आठवतं. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात शेकडो मगरी राहतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी रस्त्यांवर, सोसायट्यांच्या आवारात आल्या. लोकांनी घाबरून दारं लावून घेतली आणि वनखात्याला, प्राणिमित्रांना फोन केले. त्यांनी मगरी दोरीने बांधून, उचलून पुन्हा पाण्यात सोडल्या. सर्वांत मोठी मगर मारणाऱ्याला बक्षीस द्यावं, असं या शहरात कुणाच्या मनातही आलं नाही. हे मी भाच्याच्या मित्रांना सांगितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास आणि मग आदर दिसला. बडोदेकर म्हणून हे सांगायचा आपल्याला हक्क आहे.

स्पर्धेच्या दिवशी

धक्क्यावर गेलात तर घोषणा नकोत, कुणाच्या मुलांसमोर वडिलांना टाकून बोलू नका. सार्वजनिक जागेत उभं राहून किती शार्क काट्यावर आले, कुठल्या जातीचे, नर की मादी, एवढं टिपा. नर ओळखायचा तर पोटाकडच्या परांच्या, म्हणजे पोहायच्या पंखांच्या, मधोमध दोन लांबट दांडे दिसतात, मादीला ते नसतात. मनाई असलेली जात काट्यावर दिसली तर आरडाओरडा न करता फोटो आणि वेळ टिपून अधिकाऱ्याला कळवा. जात ओळखणं कठीण असतं. डस्की आणि त्याच्यासारखे दिसणारे शार्क अनुभवी माणसालाही फसवतात, म्हणून ‘मला शंका आहे’ असंच लिहा.

आपल्या किनाऱ्यावर

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कला पूर्वी ‘बॅरल’ म्हणत. भाला-गळ मारून त्याच्या दोरीला रिकामी पिंपं बांधायचे, म्हणजे तो दमेपर्यंत पिंपं तरंगत राहायची. यकृताचं तेल लाकडी होड्यांना लावायचे. पुढे मांसाला परदेशात भाव आला आणि हे मासे शेकड्यांनी मारले जाऊ लागले. २८ मे २००१ ला व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला, म्हणजे त्याला मारणं गुन्हा ठरलं. पण कायदा झाला हे धक्क्यावरच्या माणसाला कुणी सांगायचं?

२००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम सुरू केली. रामकथाकार मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. ‘बॅरल’ची ‘वहाली’ झाली, म्हणजे लाडकी. माशाएवढा मोठा हवेचा फुगा गावोगाव नेला, पथनाट्यं केली. जाळं कापून मासा सोडणाऱ्याला सरकारने भरपाई सुरू केली आणि नंतर कोळ्यांच्या हातात कॅमेरे दिले, म्हणजे अधिकाऱ्याची वाट न पाहता फोटो काढून मासा लगेच सोडता यावा. त्यानंतर शेकडो व्हेल शार्क कोळ्यांनी स्वतः सोडले आहेत. ज्यांनी मारले त्यांनीच वाचवले, कारण त्यांना कुणी गुन्हेगार म्हणून हाक मारली नाही. न्यू जर्सीच्या गळवाल्यांशी कसं बोलावं हे मी इथून शिकले.

बडोद्यात करण्यासारखं थोडकं पण पक्कं काम आहे. गणेशोत्सवात मंडळाच्या देखाव्याला वहालीचा विषय सुचवा. विषय ठरतात ते आषाढाच्या आत, त्यामुळे आधीच जा. शाळेत तास घ्या. मुलांना वर्गाच्या फरशीवर खडूने बारा मीटरचा व्हेल शार्क काढायला सांगा. वर्गात मावत नाही, व्हरांड्यात जावं लागतं, आणि ते मुलं विसरत नाहीत. शार्कचे पर किंवा परांपासून केलेली वस्तू विकायला दिसली, पर बाहेर पाठवण्याची बोलणी कानावर आली, तर वनखात्याला कळवा. कुठल्याही जातीच्या शार्कचे पर निर्यात करायला फेब्रुवारी २०१५ पासून बंदी आहे. दिवाळीत दीव-सोमनाथला जाल तेव्हा धक्क्यावर छोट्या मुश्या-मोऱ्यांसोबत, म्हणजे लहान शार्कांसोबत, फोटो काढून ‘पराक्रम’ म्हणून टाकणाऱ्या घरच्या मुलांशी बोला. ग्रुपवर लिहू नका, बाजूला घेऊन बोला.

स्पर्धा संपल्यावर

दुसऱ्याच आठवड्यात आभाराची पत्रं जाऊ द्या : बक्षीस बदलणाऱ्या दुकानाला, सोडण्याच्या विभागातल्या प्रत्येक होडीला, जिंकली नाही तिलाही. आयोजकांकडून तीन आकडे मागून घ्या : किती शार्क गळाला लागले, किती सोडले, आणि सोडलेल्यांपैकी किती पोहत खाली गेले. ‘किती तरंगत राहिले’ हे विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. ते आकडे वहीत पुढच्या वर्षाच्या पानावर सर्वांत वर लिहून ठेवा, जानेवारीतलं पहिलं पत्र तिथूनच सुरू करायचं आहे.